अमेरिका किती तासांवर?

गेल्या काही वर्षांत आमच्या लातूरच्या दवाखान्यात एक नवीन प्रकारचा पेशंट येऊ लागला आहे. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये विमानाच्या तिकिटाचा कागद असतो आणि तोंडी एकच वाक्य असते, "डॉक्टरसाहेब, मुलाकडे अमेरिकेला निघालोय, फिटनेसचं सर्टिफिकेट पाहिजे." पूर्वी शहरातल्या एखाद्या बड्या घरातच अशी मंडळी आढळत. आता गल्लीगल्लीतून कोणाचा ना कोणाचा मुलगा न्यू जर्सीत आहे, कोणाची मुलगी कॅलिफोर्नियात. सुनेचे बाळंतपण, नातवाचे बारसे, नव्या घराची वास्तुशांत अशी निमित्ते निघतात आणि साठी-सत्तरी उलटलेली आई-वडील मंडळी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसतात, तीही एकदम पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या.

असेच एक काका-काकू काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. काका आडत दुकानदार, आकड्यांत पक्के. त्यांनी तिकीट माझ्यासमोर ठेवले. मुंबईहून रात्री एक वाजता उड्डाण, न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला आगमन, तारीख तीच. काका म्हणाले, "साडेसहा तासांचाच तर प्रवास आहे, डॉक्टरसाहेब. म्हणजे आपलं लातूर-पुणे!" मीही हसलो. काकूंचा रक्तदाब पाहिला, काकांच्या साखरेचा रिपोर्ट पाहिला आणि दोन मिनिटांत सही करून दिली. बाहेर पंधरा-वीस पेशंट खोळंबले होते.

त्या दोन मिनिटांबद्दल मला आजही वाईट वाटते. ते का, हे पुढे येईलच. आधी काकांचा हिशेब कोठे चुकला ते पाहू.

कागदावरचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. सारी पृथ्वी विषुववृत्तावर मोजली तर साधारण ४०,००० किलोमीटर भरते, म्हणजे कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नाहीत. त्या मानाने १२,५०० हा आकडा केवढा मोठा आहे, ते लक्षात यावे. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेला अरबस्तानावरून जात नाही. वायव्येला वळून पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया असा वर चढतो आणि उत्तर अटलांटिक ओलांडून कॅनडावरून खाली उतरतो. सपाट नकाशात ही वाट लांबची वाटते, पण गोलावर तीच सर्वांत जवळची असते.

मोठी विमाने आकाशात ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. भागाकार केला तर चौदा तास येतात. प्रत्यक्षात अमेरिकेकडे जाताना न थांबणाऱ्या विमानाला पंधरा-सोळा तास लागतात, कारण त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाताना ते समोरून येतात. परतताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून येतानाचा प्रवास तास-दीड तासाने कमी होतो. शिवाय वाट कोठून मिळते यावरही तास ठरतात. २०१९ साली सुमारे साडेचार महिने पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ती भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केली, तेव्हा भारत-अमेरिका विमानांना वळसा पडला आणि काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. मुंबई आणि न्यूयॉर्क आहेत तेथेच राहिली, प्रवाशांचे बसण्याचे तास मात्र वाढले.

मग काकांना साडेसहा तास कसे दिसले? तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मुंबईत रात्रीचा एक वाजतो तेव्हा तेथे उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. साडेतीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत मोजा, पूर्ण सोळा तास होतात. परतताना उलटी गंमत होते. न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला उतरते, म्हणजे कागदावर चोवीस तास दिसतात. जातानाचा कागद दहा तास लपवतो, येतानाचा कागद दहा तास वाढवतो. शरीर मात्र खरे तेवढेच तास मोजते.

उंबरठा ते उंबरठा

आणि शरीराची मोजणी विमानाच्या दारात सुरू होत नाही, ती घराच्या उंबरठ्यावर सुरू होते. काका-काकू सकाळी नऊला गाडीने लातूरहून निघाले. बार्शी, टेंभुर्णी, पुणे करीत संध्याकाळी सातला मुंबईच्या विमानतळावर पोहोचले. दहा तास झाले. उशीर नको म्हणून थेट विमानतळावरच गेले, तेथे उड्डाणापर्यंत सहा तास. विमानात सोळा तास. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यात दोन तास. तेथून मुलाच्या गाडीने न्यू जर्सीतील घरापर्यंत दीड तास. बेरीज करा, साडेपस्तीस तास! त्यांपैकी साडेसत्तावीस तास गाडीत वा विमानात पाय खाली सोडून बसलेले, आणि विमानतळावरचाही बहुतेक वेळ खुर्चीतच.

विमानतळावर तरी चालणे झाले असेल, असे कोणी म्हणेल. तेही झाले नाही. आपल्याकडील अनेक मुले आई-वडिलांसाठी तिकिटाबरोबर व्हीलचेअर मागवून ठेवतात. पाय धड असले तरी इंग्रजीची अडचण होऊ नये, कोणीतरी हात धरून गेटपर्यंत न्यावे, हा हेतू. हेतू चांगला आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला त्याने मोठा धीर येतो. पण परिणाम असा होतो, की जेथे अर्धा-पाऊण किलोमीटर पाय मोकळे झाले असते, तेथेही माणूस बसूनच जातो.

ज्यांना न थांबता जाणाऱ्या विमानाचे तिकीट परवडत नाही, ते दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलून जातात. मुंबई-दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढते. पण हवेतले तास साडेसतरापर्यंत जातात आणि मधल्या थांब्याचे तीन ते दहा तास वेगळे. हा थांबा वाईटच असतो असे नाही. चालण्याला त्याचा उपयोग केला तर तो औषधासारखा आहे. मध्यरात्री बाकावर मान टाकून काढला, तर ती सजा आहे.

पोटरीचे काम

इतके बसल्याने होते काय? आपले हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते, पण ते वर परत आणण्याच्या कामी पोटरीचे स्नायू हातभार लावतात. चालताना पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर चढते. शिरांतील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. माणूस तासन्‌तास पाय सोडून बसला, की हा पंप बंद पडतो. खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते, रक्त साचते, पाऊल सुजते, चप्पल घट्ट होते. दोन्ही पावलांची अशी सूज बहुतेकांना येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. त्याची काळजी नको.

क्वचित मात्र साचलेल्या रक्ताची खोल शिरेत गुठळी होते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर श्वास कोंडतो आणि प्राणावर बेतते. हे ज्ञान नवे नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र-रात्र तळघरांत खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांच्यात फुप्फुसात गुठळी जाऊन झालेल्या मृत्यूंची नोंद डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी केली. तेथे विमान फक्त डोक्यावर होते, बसणे मात्र तेच होते. पुढे १९५४ साली बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी बसून झालेल्या गुठळ्यांवर लेख लिहिला. त्यातील एक रुग्ण चौदा तासांचा विमानप्रवास केलेला ५४ वर्षांचा डॉक्टर होता. याच होमन्सच्या नावाची पोटरीची तपासणी आम्ही एमबीबीएसला घोकली. आज ती भरवशाची मानत नाहीत, शंका आली तर शिरांची डॉपलर सोनोग्राफी करतात.

अंतराचा आणि धोक्याचा संबंध किती सरळ आहे, हे पॅरिसच्या मोठ्या विमानतळावरील अभ्यासाने दाखवले. १९९३ ते २००० या काळात तेथे उतरलेल्या सुमारे साडेतेरा कोटी प्रवाशांपैकी ५६ जणांना फुप्फुसात गुठळी गेल्याचे निश्चित झाले. पाच हजार किलोमीटरच्या आतील प्रवासात हे प्रमाण दहा कोटींत एक होते. पाच हजारांच्या पुढे ते दहा लाखांत दीड झाले आणि दहा हजारांच्या पुढे दहा लाखांत जवळपास पाच. मुंबई-न्यूयॉर्क हा प्रवास या शेवटच्या गटातला आहे, हे सांगावयास नको.

हे आकडे विमानतळावरच कोसळलेल्यांचे आहेत. घरी पोहोचल्यावर दिसणाऱ्या गुठळ्या यात नाहीत. त्या धरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले, की चार तासांहून जास्त बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान, रेल्वे, बस, मोटार, काहीही असो. तरीही निरोगी माणसात तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच राहतो. तेव्हा घाबरून तिकीट रद्द करण्याचे काहीच कारण नाही. मात्र वाक्याचा दुसरा भागही ऐकावा. थोड्या दिवसांत अनेक लांबचे प्रवास झाले, तर धोका वाढतो आणि तो प्रवासानंतर सुमारे चार आठवडे राहतो. शिवाय पूर्वी गुठळी झालेली, नुकतेच मोठे ऑपरेशन झालेले, कर्करोग असलेले, वजन फार वाढलेले, गरोदर स्त्रिया, संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, या सर्वांचा धोका सामान्य माणसापेक्षा जास्त असतो. मी ज्यांना सही देतो त्या मंडळींत "निरोगी" किती, हा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला.

काकूंचे काय झाले

काकूंचे वजन पंच्याऐंशी किलो. गुडघे धरलेले, त्यामुळे चालणे आधीच कमी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. विमानात त्यांना मधली जागा मिळाली होती. कडेचा परका माणूस झोपलेला, त्याला उठवायचे कसे? विमानातल्या संडासात पाणी नाही, दार उघडता आले नाही तर? म्हणून त्यांनी निघतानाच गोळी बंद केली आणि विमानात पाणी जवळजवळ घेतलेच नाही. हे सारे त्यांनी नंतर मला सांगितले. वाचकहो, हसू नका. आपल्या घरातील निम्म्या बायका असेच करतील.

तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली, सुजली. उजवी ठीक होती. काकूंनी साडी सोडून गाऊन घातला म्हणजे सूज दिसेल, म्हणून साडीच नेसून राहिल्या. सुनेचे दिवस भरलेले. "तिकडं डॉक्टर फार महाग, पोराला खर्चात का पाडावं?" म्हणून तेल चोळले, शेक घेतला आणि गप्प बसल्या. आठव्या दिवशी जिना चढताना एकदम दम लागला, छातीत कळ आली आणि त्या पायरीवरच बसल्या. मुलाने तातडीने रुग्णालयात नेले. दोन्ही फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. सून एका रुग्णालयात, सासू दुसऱ्यात, अशी त्या घराची परीक्षा झाली. दैव बलवत्तर म्हणून काकू वाचल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत, परत येण्याची तारीख पुढे ढकलून, चार महिन्यांनी त्या गावी आल्या.

भेटायला आल्या तेव्हा रागाचा शब्द नव्हता. उलट तिकडच्या चॉकलेटचा पुडा माझ्या हाती ठेवला. मला मात्र माझी सही आठवत होती. रक्तदाब ठीक होता, हे खरे. पण मी वाट विचारली नव्हती, जागा विचारली नव्हती, गाडीतले दहा तास विचारले नव्हते, गोळी बंद करू नका असे सांगितले नव्हते. आम्ही डॉक्टर लोक हृदय तपासतो आणि तिकीट न बघता परत देतो. माझे स्पष्ट मत आहे, की फिटनेसचे सर्टिफिकेट देताना तिकीट हासुद्धा तपासणीचा भाग असला पाहिजे. तिकीट न पाहता मी आता सही करीत नाही.

मुलांना चार शब्द

हा अंक परदेशातील मुलांपर्यंत आई-वडिलांच्या फोनमधून पोहोचतो हे मला माहीत आहे, म्हणून त्यांनाही सांगतो. तुम्ही तिकीट काढताना दोन आकडे पाहता, भाडे आणि विमानाचे तास. तिसरा आकडाही काढा, आईच्या उंबरठ्यापासून तुमच्या उंबरठ्यापर्यंतचे तास. तो तीसच्या वर जात असेल, तर एक मुक्काम घाला. मुंबईत किंवा पुण्यात नातेवाइकाकडे एक-दोन रात्री काढल्या, की गाडीतला प्रवास आणि विमानातला प्रवास यांत पाठ टेकायला व चालायला वेळ मिळतो. तेवढ्याने काही पडून जात नाही. चार-पाच हजार रुपये वाचवण्यासाठी सत्तरीच्या बापाला दोन विमाने बदलायला लावणे आणि मध्यरात्री नऊ तास बाकावर बसवणे, हे मला तरी काटकसरीचे वाटत नाही.

जागा मार्गिकेकडेची घ्या. खिडकीतून ढग दिसतात, पण उठताना दोघांना ओलांडावे लागते आणि आपली माणसे भिडस्त असल्याने उठतच नाहीत. प्रवासाचा आरोग्य विमा काढा आणि आधीचे आजार त्यात लपवू नका. सर्वांत महत्त्वाचे, आई उतरल्यावर पहिल्या आठवड्यात रोज तिचे पाय बघा. पाया पडायला वाकता, तेव्हाच बघा! आणि "खर्चाचं मी पाहीन, दुखलं तर लगेच सांग," हे वाक्य तिला निघण्यापूर्वी फोनवर सांगा.

जाणाऱ्यांसाठी

निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. गुडघ्याचे वा खुब्याचे ऑपरेशन, हृदयविकाराचा झटका, प्लास्टर, रक्तक्षय, दमा, यांपैकी काही अलीकडचे असेल, तर प्रवास पुढे ढकलावा लागतो का ते तेव्हाच ठरते. विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या इतका ठेवलेला असतो. म्हणजे तुम्ही महाबळेश्वरच्याही वर, जवळजवळ शिमल्याला सोळा तास बसलेले असता. निरोगी माणसाला हे जाणवत नाही. पायऱ्या चढताना ज्याला आधीच धाप लागते, त्याला जाणवते. त्याच कारणाने पोटातला वायू फुगतो, म्हणून निघताना वाटाणे, हरभरे, भजी टाळावी.

विमानात बसल्यावर दर तासाला दहा-वीस वेळा टाचा उचला, मग चवडे उचला, पाऊल गोल फिरवा. दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. व्हीलचेअर घेतली असली तरी गेटजवळ उतरून थोडे चाला. सैल कपडे घाला. विमानातील हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी थोडे थोडे घेत राहा. संडासाला जावे लागेल, पण त्या निमित्ताने चालणे होते हा फायदाच आहे. दारूचा मोह टाळा. झोपेची गोळी घेऊ नका, तिने माणूस एकाच कुशीवर लाकडासारखा पडून राहतो. ज्यांचा धोका जास्त आहे, त्यांना गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे उपयोगी पडतात. ते मापाचे असावेत आणि पायांचा रक्तपुरवठा कमी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घालावेत. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका. कोणाला रक्त पातळ करणारे औषध लागेल, हे डॉक्टरच ठरवतील.

मधुमेह असलेल्यांनी घड्याळाचा विचार आधी करावा. जातानाचा तुमचा दिवस साडेतेहतीस तासांचा होतो, येतानाचा साडेचौदा तासांचा. मग "रोज दोन वेळा" म्हणजे केव्हा? इन्सुलिन घेणाऱ्यांनी याचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेचेच ठेवावे आणि उतरल्यावर वेळ बदलावी. इन्सुलिन व सर्व गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. खाली जाणाऱ्या सामानात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते आणि ती बॅग चुकली, तर औषधेही चुकतात. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी.

पोहोचल्यावर पहिले काही दिवस रात्री दोनला टक्क जाग आणि दुपारी जेवताना डुलक्या असे होईल. शरीरातील घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते, म्हणून दहा तासांचा फरक भरून यायला आठवडा ते दहा दिवस लागतात. परत भारतात आल्यावर बहुधा जास्त त्रास होतो. दिवसा उन्हात चाला, जेवण तिथल्या वेळेला घ्या. या दिवसांत नातवाला घेऊन जिना चढू-उतरू नका आणि गाडी चालवू नका.

एक ओळ मात्र कापून पासपोर्टमध्ये ठेवा. प्रवासानंतर महिनाभरात एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा गरम लागली, तर तो पाय चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखले वा थुंकीतून रक्त आले, तर एक मिनिटही घालवू नका.

काका-काकू आता पुन्हा निघाले आहेत. नातू शाळेत जाऊ लागला आहे. गेल्या आठवड्यात दोघे आले ते दीड महिना आधी, आणि काकांनी तिकिटासोबत वहीचे एक पान माझ्यासमोर ठेवले. लातूर ते पुणे, पुण्यात पुतण्याकडे दोन रात्री, पुणे ते मुंबई, विमान, न्यू जर्सी. प्रत्येकासमोर खरे तास लिहिलेले आणि खाली बेरीज. काकूंच्या गोळ्यांचे वेळापत्रक आम्ही तिघांनी मिळून अर्धा तास बसून केले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मग मी सही केली.